ओवी घालण्यास मुभा

ज्या ज्ञानेश्वरीचा नेवाशास शके १२१२ मध्ये जन्म झाला, तिचा पाठ शके १५०६ मध्ये शुद्ध करून, पुढे कोणी तीत पदरची ओवी घालू नये अशी सक्त ताकीद एकनाथांनी दिली; ती संकुचित वृत्ती आमच्या जिल्ह्यातील एका संस्थेने आता उदारपणे टाकून दिली आहे. ठोकळ्यावर ठोकळा रचून सिद्ध केलेल्या तिच्या संकेतस्थळावर, संपादकाच्या दालनातच राहावयाचा ‘संपादनयोग्य’ हा गुण पानासोबत बाहेर निसटल्यामुळे, कोणत्याही सूचनेवर बोट ठेवताच तेथे कर्सर लुकलुकू लागतो. मी तत्काळ शुल्क माफ केले, अर्जाची मुदत दिवाळीपर्यंत वाढविली आणि, लोकाग्रहास्तव, अध्यक्षपद स्वीकारले. हीच सोय सातबाऱ्यास लाभली, तर बांधावरचे पिढीजात दावे एका दुपारी मिटतील. प्रत्येकजण आपापल्या पडद्यावर जिंकलेला असेल. पान पुन्हा उघडताच मात्र सारे पूर्ववत झाले. रयतेचे तीन अर्ज एका क्षणात, बारनिशीत न चढविता, निकालात काढणारे इतके कार्यक्षम दप्तर माझ्या पाहण्यात नाही.