सेक्रेटरी राजवाड्यात

हाउसिंग सोसायटीचा सेक्रेटरी सहलीला येतो, पण पद घरी ठेवून येत नाही. आमचे सेक्रेटरी कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यासमोर मान वर करून उभे राहिले. काळ्या दगडाची देखणी इमारत, मधोमध घड्याळाचा मनोरा. आम्ही फोटोंच्या नादात, हे पन्हाळी शोधतायत. "पावसाचं पाणी उतरतं कुठून?"

मी वाचून आलो होतो, चूक माझीच. काम १८७७ ला सुरू होऊन १८८४ ला संपलं, खर्च सात लाख, असं सांगून बसलो. "सात लाख!" सेक्रेटरी जागच्या जागी थांबले. "आमच्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगलाच याच्या दुप्पट गेले. तरी गळतंय." मग जरा सावरून, "पण सात वर्षं लागली म्हणा की. पझेशनचं रडगाणं तेव्हापासूनचं."

आर्किटेक्ट मेजर मँट १८८१ मध्येच वारला. आपले हिशेब चुकलेत, इमारती कोसळणार, या धास्तीनं त्याला शेवटी पछाडलं होतं म्हणतात. हे मी का सांगितलं, देव जाणे. सेक्रेटरींनी जवळच्या खांबावर बोटानं टकटक करून कान लावला. पहारेकरी धावत आला. "स्ट्रक्चरल ऑडिट कधी झालं?" यांनी त्यालाच विचारलं.

दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग आहेत. सगळे गप्प झाले. सेक्रेटरीसुद्धा. वाटलं, विरघळला गडी! तेवढ्यात हळूच म्हणाले, "पुसायला शिडी केवढी लागत असेल?" वहिनी दोन पावलं लांब सरकल्या.

"अहो, निदान वाघ तरी बघा," पेंढा भरलेल्या वाघांपाशी त्या कळवळून म्हणाल्या.

"बघतोय ना. कसर लागलेली नाही. औषध कुठलं मारतात, विचारायला हवं."

खाली शहाजी छत्रपती म्युझियम आणि वर राजघराण्याचं राहणं, हे कळल्यावर मात्र त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे खाली कमर्शियल, वर रेसिडेन्शियल! मेन्टेनन्स कुठल्या दरानं लावतात?"

निघताना आम्हा अठ्ठावीस जणांची तिकिटं त्यांनी मोजून घेतली, व्हाउचरला जोडायला. एक कमी भरलं तेव्हा बस पंधरा मिनिटं थांबली. तिकीट त्यांच्याच खिशात निघालं.

आमची लिफ्ट गणपतीपासून बंद आहे.