नोटवाले काका

प्रत्येक सोसायटीत एक नोटवाले काका असतात. ते चहाला बोलावतात आणि चहाच्या आधी अल्बम आणतात. पहिल्याच पानावर ट्रॅक्टरवाली पाचची नोट. "बोला, काय किंमत असेल?" पाहुणा पाचशे म्हणाला, तर काका कीव करून हसतात. त्यांचा आकडा पाच लाख. नंबरात 786 आहे ना!

ही नोट अमाप छापली गेली आणि आजही चलनात आहे, हे काकांना सांगून उपयोग नसतो. डीलर दोनच गोष्टी बघतो: अशा नोटा किती उरल्या आणि हिला घडी पडली आहे का. दुर्मीळ म्हणावी ती दहा हजारांची. ती 1938 मध्ये निघाली, 1946 मध्ये बाद झाली, 1954 मध्ये परतली आणि 1978 मध्ये कायमची गेली. चाळीतल्या माणसाने ती पाहिलीच नाही, तर जपणार कुठून? एक रुपयाची नोट 1994 मध्ये छापायची थांबली, तेव्हा काकांनी अख्खी गड्डी दाबून ठेवली. 2015 मध्ये सरकारने ती पुन्हा काढली. यामागे आपल्यावरचा डूख आहे, असे काकांचे मत.

अल्बममध्ये चिंतामणराव देशमुखांच्या सहीची दोन रुपयांची नोटही आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, शिवाय आपल्या रायगडचे! भाव मात्र कोऱ्या करकरीत नोटेला. काकांनी सुरकुत्या जाव्यात म्हणून तिच्यावर इस्त्री फिरवली, आणि टिकावी म्हणून लॅमिनेशन केले. ते पाहून डीलरने नुसते पाणी मागितले.

नोटबंदीतल्या बाद नोटा काकूंच्या तांदळाच्या डब्यात निघाल्या. अकरा! 2017 च्या कायद्याने अशा दहाच नोटा बाळगता येतात. अभ्यास, संशोधन किंवा नाणेसंग्रहासाठी पंचवीसपर्यंत. अकरावी नोट मोजून होताच काका संशोधक झाले.

जुन्या नोटांच्या खरेदी-विक्रीच्या नावाखाली आमच्या नावाने कोणी शुल्क मागितले तर फसू नका, असे रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये बजावले होते. तसा फोन काकांनाही आला. ट्रॅक्टरचे पाच लाख देतो, आधी नोंदणीचे दोन हजार भरा. काकांनी दमडीही भरली नाही. एवढ्या पटकन पाच लाखांना तयार झाला, म्हणजे खरी किंमत दहा तरी असणार, असे म्हणून त्यांनी फोन ठेवला.