खुर्चीतले गगनविहारी

हिवाळ्यात युरोपातील ऊर्ध्वगामी वायुप्रवाह मंदावले, की तेथील ग्लायडरचालक आपले हातातले दिशादर्शक यंत्र संगणकाच्या सेवेत रुजू करतात; कारण स्लोव्हेनियात निर्माण झालेल्या ‘काँडॉर’ ह्या आभासी उड्डाणप्रणालीत पडद्यावरच सर्व मापके विद्यमान असली, तरी खऱ्या यंत्राची साक्ष काढल्यावाचून खोट्या आकाशास प्रतिष्ठा लाभत नाही, अशी ह्या मंडळींची धारणा असावी. मग सिरियल पोर्ट मुक्रर करायचा, केबल असेल तर दोन्ही टोकांचा बॉड रेट, म्हणजे संदेशवहनाचा वेग, तंतोतंत जुळवायचा (न जुळल्यास यंत्र कचेरीतल्या कारकुनासारखे मख्ख बसते), आणि ‘एनएमईए’ ह्या दिशादर्शक यंत्रांच्या संदेशप्रमाणाच्या ठरीव नमुन्यात अक्षांश, रेखांश, उंची व वेग यांचे खलिते संगणकाकडून यंत्राला अव्याहत धाडायचे. खलिता नमुनेदार असला, म्हणजे मजकुराच्या सत्यासत्यतेची चौकशी करण्याचा रिवाज यंत्राच्या दप्तरी नाही. सबब उपग्रहांची साक्ष ऐकण्यासाठी खरीदलेले ते महागडे यंत्र उपग्रहांकडे साफ पाठ फिरवून, मेजावर पडल्यापडल्या, स्लोव्हेनियातील लेस्त्सेच्या आभासी धावपट्टीपर्यंत पोहोचण्यास उंची अपुरी असल्याचे निक्षून बजावते. आणि खुर्चीतला वैमानिक घामाघूम होऊन, स्वयंपाकघरातून तिसऱ्यांदा आलेल्या हाकेला, तूर्त उतरणे अशक्य असल्याचे कळवितो.