परवडणारं डुक्कर

पनवेल-उरणकडे प्रत्येकाच्या नावामागे शेठ लागतो. कुणाला जमिनीच्या पैशामुळे, कुणाला दारातल्या ट्रेलरमुळे, आणि दोन्ही नसेल तर चहाचं बिल तो देईल या आशेवर. आमच्या ऑफिसातले शेठ या तिसऱ्या वर्गातले. नोकरी न्हावा शेव्यात कस्टम क्लिअरिंगची, गुडघा कुरकुरणारा, आणि मनात एकच हौस, रानडुकराची शिकार करायची. तीही स्वस्तात. म्हणून ते शिकारीशेठ.

असा एक माणूस प्रत्येक ऑफिसात असतो. कुठे तो हिमालयात ट्रेकला निघालेला असतो, कुठे देवगडला आंब्याची बाग घेणार असतो. निघत कधीच नाही, पण चौकशी अशी करतो की ऐकणाराच बॅग भरायला घेतो.

न्हावा शेव्याचं बंदर सुरू झालं १९८९ साली. तेव्हापासून इथल्या माणसाच्या दारावरून जगभरचा माल जातो आणि त्यातला एक खोकाही त्याचा नसतो. शेठची उभी हयात दुसऱ्यांचा माल सोडवण्यात आणि भाड्यासाठी घासाघीस करण्यात गेली. शिकारीलाही त्यांनी तोच हिशेब लावला. महाड, पाली, खालापूर, जिथला माणूस भेटेल त्याला एकच प्रश्न, "सगळं धरून किती? हाकेवाले, बंदूक, जेवण आणि डुक्कर?"

जग त्यांच्या डोक्यात कस्टम टॅरिफप्रमाणे लावलेलं आहे. जिवंत डुक्कर ०१०३, डुकराचे राठ केस ०५०२, शिकारीची बंदूक ९३०३. डुक्कर आणि बंदूक दोन्ही यादीत आहेत, मग त्यांची गाठ पडायला हरकत कुणाची, हे काही त्यांना उमगेना.

हरकत होती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. हौस म्हणून त्याला मारता येत नाही. पिकाची नासधूस होत असेल आणि वनखात्याची लेखी परवानगी हातात असेल, तरच. शेठनी हा कायदा दरपत्रकासारखा वाचला.

"बाहेर मारलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. अभयारण्यात मारलं तर सुरुवातच तीन वर्षांपासून. म्हणजे कर्नाळा आपल्याला महाग पडतं."

"आणि फणसाड?"

"तेही अभयारण्यच. जंजिऱ्याच्या नवाबाला तिथली शिकार घरची होती. आपण उशिरा जन्मलो."

बंदुकीचंही तसंच. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो, पण त्यासाठी आधी पीक हवं, आणि निवडणूक आली की ती बंदूक पोलीस ठाण्यात जमा. शेवटी शेठनी विनापरवाना चालणारी .१७७ बोअरची छर्‍याची बंदूक आणली. गेटवरच्या वॉचमननं ती हातात घेऊन तोलून पाहिली. म्हणाला, "शेठ, यानं डुकराची पाठ खाजवून होईल."

शेठ खचले नाहीत. अमेरिकेत टेक्सासमध्ये २०११ च्या कायद्यानंतर लोक पैसे भरून हेलिकॉप्टरमधून डुकरं मारतात, हे त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं. "आपल्याकडे निदान सहा आसनी रिक्षातून तरी परवानगी द्यावी," असं त्यांचं म्हणणं.

मग एका ऑक्टोबरात पोलादपूरहून सासऱ्यांचा फोन आला. भात तयार झालंय, डुकरं शिरतायत, राखणीला माणूस नाही. शेठनी जागच्या जागी हिशेब केला. रान फुकट, माळा फुकट, जेवण सासूबाईंच्या हातचं, डुक्कर हमखास. खर्च फक्त एसटीचा. "याच्याखाली दर उतरणार नाही," म्हणत ते निघाले.

सासऱ्यांनी छर्‍याची बंदूक खुंटीला टांगली आणि जावयाच्या हातात तेलाचा रिकामा डबा आणि दांडकं दिलं. "जावईबापू, रातभर ह्ये बडवायचं."

"आणि मारायची परवानगी?"

"अर्ज क्येलाय की. पर डुकराला थांब म्हून कोन सांगनार?"

पहिला तासभर शेठनी डबा असा बडवला की पलीकडच्या वाडीतली कुत्री उठून बसली. मग हात भरून आले. मग डोळा लागला. उजाडताना पाहिलं तर कळप येऊन गेलेला. थोडं खाल्लं होतं, बाकीचं लोळून आडवं केलं होतं. खुरांचे ठसे थेट माळ्याखालपर्यंत. सासरे रागावले नाहीत. चिखलातल्या लोंब्या उचलून पंच्याला पुसत राहिले. "किती गेलं?" हा प्रश्न शेठच्या ओठांवर आला आणि जन्मात पहिल्यांदाच त्यांना दर विचारवेना.

दुपारी त्यांनी नुकसानभरपाईचा कागद मागवला, आणि तिथे मात्र शेठचा हात बसलेला होता. सातबारा, बँकेचं पासबुक, शेताचे चारी बाजूंनी फोटो, पंचनामा, प्रत्येकाच्या तीन प्रती, वर अनुक्रमणिका. क्वेरी निघायला कुठे फट ठेवली नाही. सासऱ्यांची फाइल पाहून शेजारी आला, संध्याकाळी अख्खी वाडी ओटीवर कागद घेऊन बसली.

आता दर ऑक्टोबरात शेठ चार दिवसांची रजा टाकतात. बंदूक सासरच्या खुंटीवरच आहे. सोबत नेतात ते स्टेपलर, स्टँपपॅड आणि कार्बन पेपर. परवा परतले तेव्हा वॉचमननं गेटवरच गाठलं. "काय शेठ, या खेपेला किती पाडली?"

"अकरा," शेठ म्हणाले. "सगळ्यांची पोच घेतली."