मनःशांतीचा परवाना

‘सोडून द्या, मन शांत ठेवा’ हा सल्ला हल्ली एस.टी. स्टँडवरही फुकट मिळतो. देणारा बहुधा पंख्याखाली बसलेला असतो. दुष्काळी माणदेशात तर पाऊसही हेच सांगत वरच्या वर निघून जातो.

तिथल्याच म्हसवडच्या बायकांनी मात्र हे ऐकले नाही. नव्वदच्या दशकात त्यांनी सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हांबरोबर स्वतःची बँक काढायचे ठरवले. रिझर्व्ह बँकेने अर्ज फेटाळला, कारण त्यांच्यातल्या काहीजणी अंगठा उठवणाऱ्या. अशा वेळी सुज्ञ माणसाने दीर्घ श्वास घ्यावा, गावच्या सिद्धनाथापुढे नारळ फोडावा आणि विसरून जावे. या बायकांनी दिवसभराची कामे उरकून पाटी हातात घेतली! काही महिन्यांनी मुंबई गाठली आणि थेट रिझर्व्ह बँकेच्या साहेबांनाच सुनावले: मुद्दल सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमच्या अधिकाऱ्यांना कॅल्क्युलेटरशिवाय जमते का बघू. साहेबांच्या मनःशांतीची कुणाला काही पडलीय?

१९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उघडली. झाले! तेव्हापासून हप्ते, खातेवह्या, वसुली, शेळ्यांची कर्जे. एवढ्या कटकटीत ध्यानाला बसणार कधी?