सहा पायऱ्यांचा मांत्रिक

२००१ साली सदाशिव पेठेतल्या एका ज्योतिषी गुरुजींसाठी मी पत्रिकेचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. हत्यार होतं व्हिज्युअल सी++ ६.० आणि त्यातला ॲपविझार्ड. विझार्ड म्हणजे मांत्रिकच, पण लिंबू-कोंबडं न मागणारा. सहा पायऱ्यांत काय ते विचारतो, आपण 'फिनिश' दाबायचं, की खिडकी, मेनू, टूलबार, छपाई असा चालता-फिरता सांगाडा पुढ्यात! एक ओळ न लिहिता एवढं झालेलं बघून मी आईला हाक मारली. तिनं हात पुसत पुसत बघितलं. "आणि यात पत्रिका कुठंय?"

पहिल्याच पायरीवर प्रश्न असतो: एका वेळी एक डॉक्युमेंट उघडायचं की अनेक? खूण आधीच 'अनेक'वर असते. मी गुरुजींना फोन लावला.

"एका वेळी एकच पत्रिका बघता ना?"

"मग! एक माणूस समोर बसलाय आणि मी दुसऱ्याची कशाला उघडू?"

मी खूण 'एक'वर आणली. दुसऱ्या पायरीवर डेटाबेस हवा का, म्हणून विचारलं होतं. तो नको म्हटलं. गुरुजींच्या पत्रिका कापडी पिशवीत सुखात होत्या.

तीन महिन्यांनी गुरुजी पडद्यासमोर बसले. शनी, मंगळ जागच्या जागी होते. खूश झाले. "आता गुणमेलन दाखव. मुलाची ही. मुलीची कुठाय?"

"ही बंद केली की ती उघडते."

चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत ते म्हणाले, "अरे, मुलाला बाहेर घालवल्याशिवाय मुलगी आत यायची नाही, तर छत्तीस गुण जुळवू कसे?"

घरी आलो आणि मांत्रिकाची आठवण झाली. पण तो नव्या प्रोजेक्टच्या मुहूर्तालाच येतो. पुन्हा बोलावून 'तेवढं पहिलं उत्तर बदला' म्हणायची सोय नाही. जाताना कुठली फाइल कशासाठी हे सांगणारी 'रीडमी' नावाची चिठ्ठी तेवढी ठेवून गेला होता. त्याचा धाकटा भाऊ क्लासविझार्ड घरातच असतो, पण तो फुटकळ कामांचा. नवा क्लास घाल, बटणाला फंक्शन जोड, असलं. जुन्या फायलींत लिहितो तेही बहुतेक दुहेरी महिरपी कंसांनी आखलेल्या आपल्या जागेपुरतं. भिंती हलवणं त्याच्या अखत्यारीत नाही.

मांत्रिकाला तरी बोल कसा लावणार? त्याच्या फायलींत मी तीन महिने ग्रहदशा ओतल्या होत्या. त्यातलं त्याचं कुठलं आणि माझं कुठलं, हे आता त्याला कसं कळावं? नव्यानं लिहायला बसला असता, तर माझा शनी गेलाच असता.

शेवटी दुसऱ्या फोल्डरमध्ये त्याच नावाचा प्रोजेक्ट काढला, बाकी उत्तरं तीच, फक्त पहिलं 'अनेक'. मग विनडिफमध्ये दोन्ही प्रोजेक्ट समोरासमोर ठेवून फरक बघत बसलो. म्हणजे पत्रिका जुळवणं मी आधी शिकलो, गुरुजींचं सॉफ्टवेअर नंतर. सीसिंगलडॉकटेम्प्लेटच्या जागी सीमल्टिडॉकटेम्प्लेट आलं, मुख्य चौकटीचं गोत्र बदललं आणि चाइल्डफ्रेम नावाचं नवं अपत्य घरात आलं. सगळं हातानं इकडून तिकडे नेलं. प्रोग्राम चालला. पत्रिका उघडली आणि माझे सगळे मेनू गायब! अनेक डॉक्युमेंटांच्या संसारात मेनू दोन असतात, एक रिकाम्या घराचा आणि एक डॉक्युमेंट उघडल्यावरचा. माझी सगळी कामं रिकाम्या घराच्या मेनूत होती. ती रात्र मेनू हलवण्यात गेली.

आठवड्यानं गुरुजींनी दोन पत्रिका शेजारी शेजारी बघितल्या. मान डोलावली. मग पिशवीतला गठ्ठा टेबलावर ठेवत म्हणाले, "आता असं कर, या सगळ्या आत घाल. नक्षत्र सांगितलं की त्या नक्षत्राच्या मुली आपोआप समोर आल्या पाहिजेत."

मी दुसरी पायरी आठवली आणि खिशातून स्वतःची पत्रिका काढून गुरुजींपुढे ठेवली.