तालमीत फुटबॉल शिरला, आता घरात शिरतोय!

कुणाला सांगणार नसाल तर सांगते. कोल्हापूरकरांनी तालमीत फुटबॉल घुसवलाय. आजचं नाही हे, पिढ्या झाल्या. पण आम्ही सोलापूरकर अजून कालच कळल्यासारखे डोळे मोठे करतो. तालीम म्हटलं की लाल माती, लंगोट, कोपऱ्यात मारुती आणि पितळी गडवाभर थंडाई. आणि तिथं पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम अशी खणखणीत पहिलवानी नावं पाठीवर मिरवत पोरं काय करतात, तर चेंडूमागं पळतात! शाहू महाराजांनी कुस्तीसाठी खासबाग मैदान उभारून दिलं. या लोकांनी महाराजांच्याच नावाच्या स्टेडियमवर फुटबॉल मांडला. बरं, तक्रार घेऊन छत्रपतींच्या दारात जावं, तर कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे तिथल्या लोकांच्या तोंडातलं ‘केएसए’, छत्रपती घराण्याच्याच पाठबळावर उभं. मग दाद मागायची कुठं?

आणि चषकांची नावं ऐकलीत का? महापौर चषक, सतेज चषक, चंद्रकांत चषक, अटल चषक. फुटबॉलचा हंगाम चाललाय की निवडणुकीचा, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. सोलापुरात पुढाऱ्याचा वाढदिवस फ्लेक्सवर भागतो, तिथं त्याला गोलपोस्ट लागतात.

तरी बोटं मोडताना जरा जपून, कारण याच गल्ल्यांच्या गावचा अनिकेत जाधव 2017 मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. स्पर्धा भारतातच होती. त्याच वर्षी सप्टेंबरात सरकारनं ‘मिशन वन मिलियन’ म्हणून राज्यातली शाळकरी पोरं एका दिवशी फुटबॉल खेळायला उतरवली, त्यात आपलीही होती. आपली दुसऱ्या दिवशी परत क्रिकेटला लागली, ते सोडा. पॉली उम्रीगर सोलापुरात जन्मले, एवढ्या पुण्याईवर आपण अजून बॅट सोडत नाही.

असो, मूळ बातमीवर येते. आमच्या शेजारच्या काकूंची थोरली लेक कोल्हापुरात दिलीय. मुलगा निर्व्यसनी, असं मध्यस्थ म्हणाले होते. व्यसन नव्हतंच, पाटाकडील होती. जानेवारीत जावई गड्ड्याच्या यात्रेला आले. काकूंनी हौसेनं त्यांना बाराबंदी आणली, आणि सिद्धरामेश्वरांच्या अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्यापाशी नेऊन चांगल्या जागी उभं केलं. पांढऱ्या बाराबंद्यांचा समुद्र, सातही नंदीध्वज आलेले, प्रत्येकाच्या मुठीत अक्षता, संमती वाचन सुरू. आणि जावईबापूंच्या बाराबंदीच्या आतून एक वायर कानाकडं गेलेली! यूट्यूबवर तिकडचा सामना चालू. अक्षता पडायच्या ऐन वेळी बापू गरजले, “आरं मार की, बघतोयस काय!” पुढच्या आजोबांनी दचकून मूठ मोकळी केली. काकू सगळ्यांना सांगत सुटल्या, “प्रवासाचा शीण आहे हो त्यांना.” शीण कसला, पाटाकडीलनं गोल हुकवला होता.

त्या दिवसापासून काकूंनी या रोगाची चौकशी लावलीय, आणि जे कळतंय ते चार बायकांत सांगण्यासारखंच आहे. पूर्वी म्हणे पेठेतले लोक घोळक्यानं चालत मैदानावर जायचे. हलगी असायची, शिट्ट्या असायच्या, आणि शेरेबाजी तर अशी की समोरच्या गोलकीपरच्या आजोबांपर्यंत जायची. पण त्याच्या आजोबांना सगळे ओळखत असायचे! समोरच्या गॅलरीत कुणाचा मेव्हणा, कुणाचा शाळेतला दोस्त, कुणाच्या बहिणीचं सासर. दुपारी ज्याला घसा फोडून शिव्या घातल्या, त्याच्याच शेजारी सकाळी मिसळ खायची. त्यामुळे शिवी घसरायची, पण घरापर्यंत जायच्या आधी थांबायची. तेव्हाचे लोक संत होते असं कुणी सांगू लागलं तर ऐकू नका. हाणामाऱ्या तेव्हाही व्हायच्या, फक्त कुणी कुणाला मारलं ते नावानिशी ठाऊक असायचं.

आता सामना दुपारी असला तरी भांडण आदल्या रात्रीच सुरू होतं. मोबाईलच्या स्टेटसवर वाघ, सिंह, राजे आणि बाप यांची गर्दी. एकानं आपल्या संघाला बाप म्हटलं की दुसऱ्याला आजोबा काढावा लागतो. सिनेमातले संवाद कापून समोरच्या तालमीच्या नावाला चिकटवतात, आणि ते बघणारा कुठल्या तरी हॉस्टेलवर बसलेला पोरगा, ज्यानं दोन वर्षांत स्टेडियमची पायरी चढलेली नाही, तोच सगळ्यांत जास्त पेटतो. मग त्याचं उट्टं तिथं मैदानावर कुणीतरी फेडतो. दगड येतात, पाण्याच्या बाटल्या येतात, सामना थांबतो, पोलीस गॅलरीत शिरतात, गुन्हे नोंदवले जातात, केएसए कारवाई करते. पेपरात वाचून काकू विचारतात, “आमचे बापू कुठल्या गॅलरीत होते?”

पण त्यातच एक गंमत बघा. या तालमींकडून आता आफ्रिकेतले खेळाडूही खेळून जातात. नायजेरियाचा पोरगा पेठेच्या नावाची जर्सी घालून उतरला आणि त्यानं गोल केला, की ज्या म्हाताऱ्यांना शेजारच्या पेठेतली सून चालत नव्हती, ते त्याला मिठी मारायला उठतात. इतकं सोवळं सुटलेलं आमच्या वाड्यातल्या कुणाला बघवलं नसतं.

तर हे झालं कोल्हापूरचं. आपण काय धुतल्या तांदळाचे? सोलापूर जिल्ह्यानं फुटबॉलला काय दिलं म्हणाल, तर जेऊरचे नागराज मंजुळे, आणि त्यांनी 2022 मध्ये ‘झुंड’ काढला तोसुद्धा नागपूरच्या पोरांवर. त्याच वर्षीच्या 18 डिसेंबरला अर्जेंटिना आणि फ्रान्सची फायनल होती. 3-3 होऊन पेनल्टीवर गेली आणि आमच्या गल्लीत कुणी झोपेना. टॉवेलचा धंदा असलेल्या एका घरातल्या चिरंजीवांनी निर्यातीच्या गठ्ठ्यातून आकाशी आणि पांढऱ्या पट्ट्यांचा टेरी टॉवेल ओढून काढला आणि गच्चीवर झेंडा म्हणून फडकवला. पेनल्टीत 4-2 झाल्यावर तो टॉवेल फाटेपर्यंत फिरवला. सकाळी वडील गठ्ठा मोजत बसले तेव्हा घरात जे काही झालं, त्याचा निकाल मात्र एकतर्फी होता.

मला खरी धास्ती याची वाटते. कोल्हापूरचा माणूस निदान स्वतःच्या गल्लीतल्या पोरासाठी डोकं फोडून घेतो. आमचे वीर रात्री साडेबाराला उठून रेयाल माद्रिद आणि बार्सिलोनासाठी एकमेकांशी बोलणं टाकतात. सोलापुरी शिवी मराठीत निघते, तेलुगूत वळते, कन्नडात जोर धरते आणि दखनीत जाऊन पडते. एवढी चार भाषांची ताकद, आणि खर्च कुणावर, तर ज्याला सोलापूर नकाशात दाखवता येणार नाही अशा माणसावर! “काय बे, तुझा मेस्सी म्हातारा झाला,” एवढ्या एका वाक्यावरून साखर पेठेतल्या दोन मित्रांनी भागीतला चहाचा हिशेब मिटवून टाकला. बरं, मेस्सी सोलापूरच्या बाजूला आलेच नाहीत असंही नाही. डिसेंबर 2025 मध्ये हैदराबादला येऊन गेले. त्याच दिवशी आधी कोलकात्यात साहेब नीट दिसले नाहीत म्हणून लोकांनी स्टेडियममधल्या खुर्च्या उपटल्या. तिकीट काढून खुर्ची मोडायची, हे आपल्या मापात बसत नाही. आपण आधी ती घरी न्यायचा विचार करू.

गोव्याची तर वेगळीच तऱ्हा. 2021 च्या डिसेंबरात, मुक्तीला नुकतीच साठ वर्षं पूर्ण झालेली असताना, कळंगुटला रोनाल्डोचा पुतळा उभा केला. चारशे किलोंच्या वर पितळ! पोर्तुगीज जाऊन साठ वर्षं झाली आणि यांनी एक परत आणून बसवला, म्हणून काही जण काळे झेंडे घेऊन आले. जे आले नाहीत ते सेल्फी काढत होते.

हे सगळं काकूंना सांगितलं, तर त्यांचं लक्षच नव्हतं. धाकटीला स्थळ सांगून आलंय, तेही कोल्हापूरचंच. मुलगा इंजिनिअर, घरची शेती, शिवाय हुंडा नको म्हणतात. पत्रिका जुळली, रक्तगट बघून झाला. फोनवर बोलताना काकूंनी सहज विचारल्यासारखं करून तालीम विचारली. पलीकडून अभिमानानं उत्तर आलं, “दिलबहार!” काकूंनी फोनवर हात ठेवला आणि मला खुणेनं विचारलं, दिवाळीला दोन्ही जावयांना एका पंगतीत बसवायचं की दोन दिवस वेगळे धरायचे?